लंडनचा अग्निस्तंभ आणि त्यावरील खोडलेली ओळ

इ. स. १६६६ हें साल महाराष्ट्रांतील शाळकरी मुलासहि पाठ असतें. त्या वर्षींच्या श्रावण वद्यांत शिवाजीमहाराज आग्र्याच्या पहाऱ्यांतून निसटले. त्या गोष्टीस पंधरवडा उलटतो न उलटतो, तोंच तिकडे हजारों कोसांवर लंडन शहरांत एका पाववाल्याच्या घरीं आग लागली आणि चार दिवसांत त्या राजधानीचा मोठा भाग जळून खाक झाला. या दोन घटनांचा एकमेकींशीं संबंध योगायोगापलीकडे नाहीं, हें खरें. परंतु त्या वेळचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस हा आपल्याला अगदींच परका नव्हे. पोर्तुगालच्या राजकन्येशीं विवाह करतांना मुंबई बेट ज्यास आंदणांत मिळालें, आणि ज्यानें तें १६६८ सालीं वर्षाकाठीं अवघ्या दहा पौंडांच्या खंडावर ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकिलें, तोच हा गृहस्थ. त्याची ती राणी कॅथॉलिक पंथाची होती, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्या गोष्टीचें काम पडणार आहे.

त्या आगीच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी स्तंभ लंडनमध्यें, टेम्स नदीच्या उत्तर तीराजवळ, फिश स्ट्रीट हिल नांवाच्या उतरत्या रस्त्यावर आजहि उभा आहे. लोक त्यास नुसतें ‘मॉन्युमेंट’, म्हणजे ‘स्मारक’, एवढेंच म्हणतात. जणूं काय त्या स्मारकांनीं गजबजलेल्या शहरांत दुसरें स्मारकच नाहीं! पोर्टलंडच्या पांढुरक्या दगडाचा, उभ्या पन्हळी पाडलेला हा एकाकी खांब २०२ फूट उंच आहे. पोटांत ३११ पायऱ्यांचा चक्राकार जिना, वर सज्जा, आणि अगदीं माथ्यावर ज्वाळा बाहेर पडत असलेला, सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा कलश. उंची नेमकी २०२ फूटच कां, या प्रश्नाचें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. आग जेथून सुरू झाली तें ठिकाण स्तंभाच्या पूर्वेस २०२ फुटांवर होतें, असें चौथऱ्यावरील लेखांत सांगितलेलें आहे. म्हणजे हा खांब उद्यां पूर्वेकडे आडवा झाला तर त्याचा कलश त्या पाववाल्याच्या भट्टीवर जाऊन आदळेल असा हिशेब. वैभव मिरविणाऱ्या उंच इमारती जगांत पुष्कळ आहेत. अंतर सांगणारी उंची विरळाच.

परंतु आम्हांस या स्तंभाविषयीं लिहावेंसें वाटलें तें त्याच्या उंचीमुळें नव्हे. शिलालेख म्हणजे इतिहासाचें सर्वांत भरंवशाचें साधन, असें आपण नेहमीं ऐकतों. बखरकार पदरचें घालतो, शाहीर अतिशयोक्ति करतो, पण दगड खोटें बोलत नाहीं, अशी आपली समजूत असते. लंडनचा हा दगड मधलीं चार वर्षें सोडल्यास सुमारें दीडशें वर्षें खोटें बोलला. आणि एकदां तें खोटें पुसलें गेलें असतां मुद्दाम पुन्हां खोदून घेऊन बोलला. ती हकीकत सांगावयाची तर आधीं आगीचीच सांगितली पाहिजे.

पुडिंग लेन नांवाच्या अरुंद गल्लींत टॉमस फॅरिनर हा पाववाला राहत असे. आरमारावरील खलाशांना लागणारीं टणक बिस्किटें तो सरकारास पुरवी. शनिवारीं रात्रीं भट्टी विझली असें समजून घरचीं माणसें निजलीं, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे रविवार २ सप्टेंबर रोजीं, घर धुरानें कोंदून गेलें. जिन्याची वाट बंद झालेली. तेव्हां फॅरिनर व त्याचीं माणसें वरच्या मजल्यावरील खिडकींतून बाहेर पडून शेजारच्या घरावर गेलीं. घरच्या मोलकरणीस मात्र तो धीर झाला नाहीं. ती मागें राहिली आणि जळून मेली. त्या महाभयंकर आगीचा पहिला बळी तीच होय.

त्या काळचें लंडन म्हणजे लांकडाचें शहर. घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षां पुढें काढलेले, इतके कीं, समोरासमोरच्या घरांतील माणसांस खिडकींतून हातांत हात देतां यावा. उन्हाळा कडक व कोरडा गेला होता, आणि पूर्वेकडून सोसाट्याचा वारा सुटला होता. गल्लीच्या खालच्या टोकास नदीकांठच्या वखारी; त्यांत डांबर, तेल, चरबी, दारू आणि कोळसा भरलेला. अशा ठिकाणीं ठिणगी पडल्यावर काय होणार, हें सांगावयास नकोच. जुन्या पुलाच्या उत्तर टोकाजवळ नदीच्या प्रवाहावर चालणारीं पाणी उपसण्याचीं चाकें होतीं. तींहि लौकरच जळालीं आणि विझविण्याचें पाणीच तुटलें.

पुढें आग अडविण्याचा एकच उपाय उरला होता. तो म्हणजे वाटेंतील घरें लोखंडी आंकड्यांनीं ओढून पाडून मोकळी जागा करावयाची. शहराचे नगरपति सर टॉमस ब्लडवर्थ यांना रात्रींच उठवून आणलें होतें. परंतु घरमालकांच्या संमतीवांचून घरें पाडलीं तर नुकसानभरपाई कोणीं द्यावयाची, या विचारानें त्यांचें धैर्य होईना. ही आग एखादी बाईसुद्धां विझवील, अशा अर्थाचे कांहीं अशिष्ट उद्गार काढून ते घरीं परत गेले, अशी नोंद आहे. त्या उद्गारांचें भाषांतर या मासिकांत शोभणार नाहीं. त्याच दिवशीं दुपारीं हे गृहस्थ गळ्याला रुमाल बांधून, गलितगात्र होऊन रस्त्यांत उभे होते आणि लोक माझें ऐकत नाहींत म्हणून रडकुंडीस आले होते.

हें दृश्य आपणांस ठाऊक आहे तें आरमाराच्या कचेरींतील एक अधिकारी सॅम्युअल पीप्स यांच्या रोजनिशीमुळें. पीप्सला त्याच्या मोलकरणीनें पहाटे उठवून दूरची आग दाखविली. त्यानें ती पाहिली आणि तो पुन्हां जाऊन निजला! सकाळीं तीनशें घरें जळाल्याचें कानीं आलें तेव्हां मात्र तो किल्ल्यावर चढला, मग होडींतून नदीवर गेला, आणि तेथून थेट राजवाड्यांत जाऊन घरें पाडण्याचा हुकूम राजाकडून घेऊन आला. लोक नदीकांठीं येऊन सामान होड्यांत टाकीत होते, हें त्यानें लिहिलें आहे. आणि पारवे आपलीं घरटीं सोडावयास तयार होत नव्हते, पंख जळून खालीं पडेपर्यंत खिडक्यांभोंवतीं घिरट्या घालीत होते, हेंहि लिहिलें आहे. दोन दिवसांनीं आग त्याच्या घराकडे येऊं लागली, तेव्हां या चतुर गृहस्थानें बागेंत खड्डा खणून आपली दारू आणि इटलीचें मोलाचें पार्मेझान चीज पुरून ठेवलें. संकटकाळीं माणूस काय वांचवितो यावरून त्याची पारख होते म्हणतात. पण पीप्सच्या बाबतींत इतकें कठोर होऊं नये, कारण त्यानें आधीं राजाला जागें केलें होतें.

मंगळवारीं सेंट पॉलच्या प्रचंड देवालयास आग लागली. छपरावरील शिसें वितळून रस्त्यांतून वाहूं लागलें. ग्रंथविक्रेत्यांनीं देवालयाखालच्या तळघरांत दगडी भिंतींच्या भरंवशावर आपलीं पुस्तकें नेऊन ठेविलीं होतीं. तीं सारीं जळालीं. राजा व त्याचा भाऊ यॉर्कचा ड्यूक जेम्स हे दोघेहि स्वतः रस्त्यांत उतरून विझविणाऱ्या माणसांत वावरले, ही गोष्ट त्यांच्या शत्रूंनींहि कबूल केली. सुरुंगाची दारू लावून घरें उडविण्यास सुरुवात झाली, मंगळवारीं रात्रीं वारा पडला, आणि बुधवार-गुरुवारपर्यंत आग आटोक्यांत आली. १३,२०० घरें, ८७ देवळें, व्यापारी संघांचीं ४४ सभागृहें, मोठा व्यापारी बाजार, सेंट पॉल, असा एकंदर ४३६ एकरांचा मुलूख राख झाला होता. सत्तर-ऐशीं हजार माणसें उघड्यावर पडलीं. नोंदलेले मृत्यु मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. गोरगरिबांची मोजदाद त्या गडबडींत कोण ठेवणार, अशी शंका आजचे इतिहासकार घेतात, आणि ती रास्त वाटते.

आतां खरा विषय. इंग्लंडचें त्या वेळीं डच आणि फ्रेंच या दोघांशीं युद्ध चालू होतें. नुकतेंच ऑगस्टमध्यें इंग्रज आरमारानें डचांचें एक बंदर जाळलें होतें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १६६५ त, प्लेगनें लंडनची दैना करून सोडली होती. अशा मनःस्थितींत घर जळूं लागलेल्या माणसास ‘भट्टींतला निखारा व वारा’ हें कारण पुरेसें वाटत नाहीं. त्याला माणूस हवा असतो. शहर जळत असतांनाच रस्त्यांत परदेशी माणसांना गांठून मारहाण सुरू झाली. एका लोहारानें समोरून शांतपणें येणाऱ्या फ्रेंच माणसास लोखंडी कांबीनें खालीं पाडलें. दुसऱ्या एकाजवळ आगीचे गोळे सांपडले म्हणून ओरडा झाला. ते निघाले खेळावयाचे टेनिसचे चेंडू! पन्नास हजार फ्रेंच व डच शहरावर चालून येत आहेत, अशी आवई उठली. तेव्हां मुअरफील्ड्सच्या मैदानांत जमलेल्या बेघर लोकांपुढें राजा स्वतः घोड्यावरून गेला आणि, ही आग ईश्वराच्या हातची आहे, यांत कोणाचें कारस्थान नाहीं, असें त्यानें सांगितलें. तें कोणीं ऐकून घेतलें असेल असें पुढील हकीकतीवरून दिसत नाहीं.

रॉबर्ट ह्युबर्ट नांवाचा एक तरुण फ्रेंच घड्याळजी पळून जातांना पकडला गेला. ‘आग मींच लाविली’ असें त्यानें आपण होऊन सांगितलें. प्रथम म्हणाला, वेस्टमिन्स्टर भागांत लाविली. त्या भागाला आग पोंचलीच नव्हती! मग म्हणाला, पुडिंग लेनमध्यें, पाववाल्याच्या खिडकींतून काठीच्या टोकानें आगीचा गोळा आंत सोडला. त्या भट्टीच्या घराला तशी खिडकीच नव्हती. न्यायाधीशांचा त्याच्या जबानीवर विश्वास बसला नाहीं. हा जिवाला कंटाळलेला, भ्रमिष्ट प्राणी आहे, असें चौकशी करणाऱ्यांचें मत होतें. परंतु तो कबुली सोडीना, आणि बाहेर लोक थांबावयास तयार नव्हते. आरोपपत्रावर साक्षीदार म्हणून ज्यांच्या सह्या झाल्या त्यांत फॅरिनर कुटुंबांतील तीन माणसें होतीं. ज्यांच्या घरांतून आग निघाली त्यांनाच तिचें खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटण्याची सर्वांत अधिक गरज होती, हें येथें विसरतां येत नाहीं. ऑक्टोबर १६६६ मध्यें ह्युबर्टला टायबर्न येथें फांशीं दिलें. त्याला ज्या जहाजानें आणलें होतें त्याच्या कप्तानानें मागाहून सांगितलें कीं, आग लागल्यावर दोन दिवसांनीं या माणसाचा पाय लंडनच्या भूमीस लागला! आणखी एक गोष्ट अशी कीं, हा मनुष्य कॅथॉलिक नव्हे, प्रॉटेस्टंट आहे, असें त्याला ओळखणारे सांगत होते. तिकडे लक्ष देण्यास कोणास सवड होती? सरकारी चौकशीचा निष्कर्ष तर असा झाला कीं, ईश्वरी इच्छा, जोराचा वारा आणि अतिशय कोरडा ऋतु यांपलीकडे या आगीस कारण सांपडत नाहीं.

१६६७ सालीं शहराच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. तो या आगीपासून निघालेली सर्वांत चांगली गोष्ट म्हटली पाहिजे. यापुढें घरें विटांचीं किंवा दगडाचीं बांधावयाचीं, भिंतींची जाडी किती, रस्त्यांची रुंदी किती, हें सर्व त्यांत ठरवून दिलें. खर्चासाठीं लंडन बंदरांत येणाऱ्या कोळशावर कर बसविला. जळालेल्या घराचें भाडें भाडेकरूनें द्यावयाचें कीं नाहीं, नवें घर मालकानें बांधावयाचें कीं भाडेकरूनें, असल्या हजारों तंट्यांसाठीं एक खास न्यायालय नेमलें आणि त्यानें ते झटपट निकालांत काढले. वाडवडिलार्जित वाड्याच्या वांटणीचा दावा तीन पिढ्या चालविणाऱ्या आमच्या मंडळींनीं या न्यायालयाचा इतिहास अवश्य वाचावा! याच कायद्यांत, आगीची आठवण कायम राहावी म्हणून ती जेथें लागली त्या जागीं अथवा शक्य तितकें जवळ पितळेचा किंवा दगडाचा एक स्तंभ उभारावा, असें कलम होतें.

जागा निवडली ती सेंट मार्गारेटच्या देवळाची. आगींत सर्वांत आधीं जळालेलें देऊळ तेंच. तें पुन्हां बांधलें गेलें नाहीं. स्तंभाचें काम १६७१ त सुरू होऊन १६७७ त संपलें व खर्च १३,४५० पौंडांहून थोडा अधिक आला. सेंट पॉलचा शिल्पकार सर ख्रिस्तोफर रेन यांच्याच नांवावर हें काम पुष्कळ काळ जमा होतें. माथ्यावर राखेंतून उठणारा फिनिक्स पक्षी बसवावा, असाहि एक विचार झाला होता. शेवटीं ज्वाळांचा कलश ठरला. परंतु या कामांत रेनइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वांटा रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाचा होता, हें आतां मान्य झालेलें आहे. हूक म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्रांतून बुचाच्या कापांतील कप्पे पाहून त्यांस ‘सेल’ हें नांव देणारा. आगीनंतर शहराची मोजणी करण्याचें कामहि त्याच्याकडे होतें. न्यूटनशीं त्याचें वैर होतें, आणि त्याचें खात्रीचें एकहि चित्र आज उपलब्ध नाहीं.

या हूकनें स्मारकाच्या पोटांत एक प्रयोगशाळाच दडविली. जिना मधल्या पोकळीभोंवतीं फिरत जातो. ती पोकळी तळघरापासून कलशापर्यंत सरळ मोकळी आहे, आणि कलशांत उघडतां येईल असें झांकण आहे. म्हणजे सबंध स्तंभ ही आकाशाकडे रोखलेली एक प्रचंड दुर्बीण! कालेय तारकासमूहांतील एक तारा लंडनच्या बरोबर डोक्यावरून जातो. वर्षभरांत त्याची जागा केसभर सरकते काय हें तळघरांतून पाहावें आणि पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते याचा डोळ्यांनीं दिसणारा पुरावा मिळवावा, हा हेतु होता. तो साधला नाहीं. रस्त्यांतील गाड्यांच्या वर्दळीनें स्तंभ सूक्ष्म हादरे खाई आणि इतक्या नाजुक मापनास तेवढें पुरे होतें. दुसरा उपयोग मात्र झाला. प्रत्येक पायरी बरोबर सहा इंच उंच ठेवलेली असल्यामुळें, वायुभारमापक यंत्र हातांत घेऊन पायऱ्या चढत गेलें कीं, किती उंचीला हवेचा दाब किती कमी होतो, हें पाहतां येई. हूकनें १६७८ त हे प्रयोग केले. शोकाच्या स्मारकांतून ज्ञानाचा असा उपयोग करून घेण्याची ही बुद्धि आम्हांस मोठी गोड वाटते.

चौथऱ्याच्या पश्चिम बाजूस केयस गॅब्रिएल सिबर या मूर्तिकारानें कोरलेलें एक मोठें शिल्पचित्र आहे. लंडन नगरी स्त्रीरूपानें भग्नावशेषांवर खिन्न बसली आहे. पंख असलेला म्हातारा काळपुरुष तिला हळूच उठवीत आहे. समोर रोमन पोशाखांतील चार्लस राजा तिच्या मदतीस येत आहे, आणि त्याच्या मागें त्याचा भाऊ यॉर्कचा ड्यूक उभा आहे. बाकीच्या तीन बाजूंस लॅटिन लेख आहेत. सेंट पॉल शाळेचे मुख्याध्यापक टॉमस गेल यांनीं ते रचिले. उत्तरेकडील लेखांत आग कोठें लागली, किती पसरली, किती नुकसान झालें हें सांगितलें आहे. दक्षिणेकडील लेखांत राजानें काय उपाय केले तें. पूर्वेकडील लेखांत ज्या नगरपतींच्या कारकीर्दींत काम झालें त्यांचीं नांवें. १६७७ त कोरलेल्या या मूळ लेखांत आग लाविल्याचा आरोप कोणावरहि नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पुढच्याच वर्षीं, १६७८ त, टायटस ओट्स नांवाच्या एका लुच्च्या माणसानें कॅथॉलिकांनीं राजाचा खून करण्याचा कट केला असल्याची कंडी पिकविली. सबंध कट त्याच्या डोक्यांतून निघालेला होता. परंतु त्यापायीं अनेक निरपराध माणसें फांशीं गेलीं. मघां उल्लेखिलेली पोर्तुगीज राणी, जिच्या आंदणांत मुंबई आली, तिच्यावरसुद्धां राजास विष घालण्याचा आरोप या गृहस्थानें केला. राजानें तो धुडकावून लाविला, म्हणून ती वांचली. राजाला औरस संतति नव्हती. त्याचा भाऊ जेम्स उघडपणें कॅथॉलिक झालेला. तेव्हां त्यास गादी मिळूं नये म्हणून राजकारण पेटलें होतें. त्या धामधुमींत शहराच्या कारभाऱ्यांना पंधरा वर्षांपूर्वींची आग आठवली.

१६८१ सालीं स्तंभावर दोन लेख नवीन खोदले गेले. उत्तरेकडील लॅटिन लेखाच्या शेवटीं एक ओळ घातली कीं, ज्या पोपपंथी उन्मादानें हा अनर्थ केला तो अजून विझलेला नाहीं. आणि चौथऱ्याच्या पायथ्याशीं, लॅटिन न जाणणाऱ्या सामान्य लोकांसाठीं, सरळ इंग्रजींत खोदलें कीं, या प्रॉटेस्टंट शहराची ही होळी पोपपंथी मंडळीनें कपटानें व द्वेषबुद्धीनें केली. पुडिंग लेनमध्यें फॅरिनरच्या जागेवर बांधलेल्या घरासहि ह्युबर्टच्या नांवासकट तसलीच एक पाटी बसविली. म्हणजे एकाच चौथऱ्याच्या पश्चिम बाजूस शहर वांचविणारा म्हणून यॉर्कचा ड्यूक कोरलेला, आणि उत्तर बाजूस त्याच्याच पंथाच्या माणसांनीं शहर जाळलें असें कोरलेलें! वाचणाऱ्यानें कोपरा वळला कीं सत्य बदललें.

१६८५ त चार्लस मरण पावला व जेम्स गादीवर आला. त्यानें ते लेख तासून काढविले. ओट्सला खोट्या साक्षीबद्दल फटके बसले, खोड्यांत उभें करण्यांत आलें. तीन वर्षांनीं जेम्सलाच देश सोडून पळावें लागलें आणि विल्यम राजा झाला. लगेच १६८९ सालीं तेच शब्द त्याच दगडावर पुन्हां खोदले गेले. ओट्स खोटा होता, हें न्यायालयांत ठरून चार वर्षें झालीं होतीं. अज्ञानानें लिहिलेलें असत्य क्षम्य म्हणतां येईल. या दुसऱ्या खोदकामास ती सबब लागू पडत नाहीं.

याच स्तंभापासून हांकेच्या अंतरावर, लंबर्ड स्ट्रीटवर, १६८८ सालीं एका कॅथॉलिक कापडव्यापाऱ्याच्या घरीं अलेक्झांडर पोप या कवीचा जन्म झाला. कॅथॉलिकांनीं लंडनपासून दहा मैलांच्या आंत राहूं नये असा निर्बंध होता. कुटुंबास गांव सोडावें लागलें. पुढें इंग्लंडचा श्रेष्ठ कवि म्हणून मान्यता पावल्यावर पोपनें १७३३ मधील आपल्या एका काव्यांत या स्तंभास उघड उघड खोटारडा ठरविलें. त्या काव्याची वाहवा झाली, पण दगड तसाच राहिला. पुडिंग लेनमधील पाटी मात्र अठराव्या शतकाच्या मध्यास निघाली. आणि तीहि न्यायबुद्धीनें नव्हे, तर ती वाचावयास लोक थांबून गल्लींत गर्दी करीत म्हणून! आतां ती शहराच्या वस्तुसंग्रहालयाच्या ताब्यांत आहे. स्तंभावरचे शब्द १८३० सालीं, कॅथॉलिकांना राजकीय हक्क देणारा कायदा झाल्यावर एका वर्षानें, शहराच्याच सभेनें ठराव करून कायमचे काढून टाकविले.

आगीच्या दुसऱ्या टोकासहि एक स्मारक आहे, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पश्चिमेकडे आग जेथें थांबली त्या जागेस पाय कॉर्नर म्हणत. आरंभ ‘पुडिंग’पाशीं आणि शेवट ‘पाय’पाशीं, म्हणजे दोन्हीं खाण्याचे पदार्थ, तेव्हां ही आग लंडनकरांच्या खादाडपणाची शिक्षा होय, असा सिद्धांत एका उपदेशकानें काढला. एका गुटगुटीत, सोनेरी मुलाची लहानशी मूर्ति तेथील भिंतींत त्या अर्थाच्या लेखासह बसविली आहे. वास्तविक पुडिंग लेनमधील ‘पुडिंग’ म्हणजे गोड पदार्थ नव्हेच. खाटिकांच्या दुकानांतून नदीकडे नेल्या जाणाऱ्या आंतड्यांना त्या काळीं तें नांव होतें. पण निदान या सिद्धांतापायीं कोणाला फांशीं जावें लागलें नाहीं!

स्तंभाचें उत्तरायुष्य थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. जॉन्सनचा चरित्रकार बॉझवेल १७६३ त तो चढावयास गेला असतां अर्ध्यावर त्याचे पाय लटपटले. परत फिरलों तर आपणच आपणांस भित्रा म्हणूं, या धास्तीनें तो वरपर्यंत गेला आणि वर त्यास मुळींच सुख वाटलें नाहीं. कांहीं दुर्दैवी जिवांनीं सज्जावरून उड्या टाकल्यामुळें १८४२ सालीं वर लोखंडी पिंजरा बसवावा लागला. पूर्वीं जुन्या पुलावरून लंडनांत येणारा प्रत्येक माणूस या स्तंभाच्या पायथ्याशींच उतरे. १८३१ मध्यें नवा पूल थोडा पश्चिमेस सरकला आणि स्तंभ एका बाजूस पडला. जवळच्या भुयारी आगगाडीच्या स्थानकास १८८४ पासून त्याचें नांव आहे. रोज हजारों लोक तें नांव घेतात, आणि त्यांतील बहुतेकांनीं वर मान करून खांब पाहिलेला नसतो. २००७ पासून २००९ पर्यंत सुमारें पंचेचाळीस लाख पौंड खर्चून त्याची दुरुस्ती झाली, कलशास नवा मुलामा चढला. पाववाल्यांच्या संघानें तर १९८६ सालीं, म्हणजे तीनशें वीस वर्षांनीं, आग आपल्या व्यवसायबंधूच्या घरून लागली याबद्दल शहराच्या नगरपतींकडे रीतसर दिलगिरी व्यक्त केली. फॅरिनर स्वतः, आपली भट्टी विझलेली होती, असेंच शपथेवर सांगत राहिला होता.

हल्लीं आपल्यांतील पुष्कळ घरांचीं मुलें-मुली शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं लंडनला असतात आणि आईवडिलांचेंहि तिकडे जाणें होतें. त्यांनीं वेळ काढून हा स्तंभ पाहावा. आतां भोंवतीं कांचेचे उंच इमले उठल्यामुळें वरून पूर्वींसारखा देखावा दिसत नाहीं, तरी नदी, पूल आणि सेंट पॉलचा घुमट दिसतो. गुडघे साथ देत नसतील त्यांनीं वर जाण्याचा हट्ट धरूं नये. पाहावयाचें तें खालींच आहे. उत्तरेच्या बाजूस जाऊन लॅटिन लेखाच्या तळाशीं नजर न्यावी. भाषा येत नसली तरी अडत नाहीं, भाषांतराची पाटी लाविलेली आहे. वरचीं अक्षरें ठसठशीत आहेत, आणि शेवटच्या ओळीच्या जागीं छिन्नीनें तासलेला कोरा दगड आहे.